चेंबरची चुडी

आनंदच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. मी अंगणात चहा पीत होतो. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळचा चहा मी अजून उभ्यानेच पितो. बायको याला खूळ म्हणते आणि मी ते अमान्य करत नाही.

"भावजी, गाडयेखाली तेल पडला हा. रेती काळी झाली. जरा येवन बघशात?"

"रिपोर्ट करतो," मी म्हणालो आणि टूलबॉक्स उचलला.

नायक आनंद जामसंड्याचा. फौजेच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघे व्हेईकल मेकॅनिक होतो. मी हवालदार, तो माझ्या हाताखाली. वहिनी म्हणजे त्याची बायको. त्यांचं माहेर देवबाग, माझंही गाव तेच. आनंद गेल्यावर त्या इथे आल्या. पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवतात, मासे उत्तम करतात आणि आनंदची गाडी स्वतः चालवतात. ही गाडी त्याने शेवटच्या रजेत घेतली होती, वापरलेली, आईला फिरवायला. रजा संपत आली होती, त्यामुळे फिरवणं फारसं झालं नाही.

आनंद गेल्यापासून दरवर्षी स्मृतिदिनी वहिनी गाडी घेऊन जामसंड्याला जातात. आये, म्हणजे आनंदची आई, पुढच्या सीटवर बसतात. शाळेपाशी आनंदचा स्मृतिस्तंभ आहे, तिथे त्यांना नेऊन आणायचं. थोरल्या मुलाची नवी गाडी दारात उभी असते, पण आये तिच्यात बसत नाहीत. "आनूच्या गाडयेतनाच जातलंय," एवढंच म्हणतात. यंदा आयेंच्या पायांत चालण्याइतकी ताकद उरली नव्हती आणि जेवण सुटत चाललं होतं. तरी आपण जाणारच, हे त्यांनी थोरल्याला सांगून ठेवलं होतं.

"औंदा चुकला तर पुढच्या वर्साचा कोणी बघल्यान हा?" वहिनी म्हणाल्या. मी रेतीत चादर टाकली आणि गाडीखाली शिरलो.

तेल चेंबरच्या नटातून गळत होतं. इंजिनचं तेल ज्या भांड्यात असतं ते चेंबर. त्याच्या बुडाला एक नट असतो, तो काढला की जुनं तेल वाहून जातं. आदल्या दिवशी शेजारच्या पास्कूने तेल बदलून दिलं होतं. लांबच्या रस्त्यावर वहिनींना त्रास नको, म्हणून आपण होऊन. पास्कू होड्यांच्या इंजिनांचा मेकॅनिक. भर समुद्रात नट सुटला तर हाक मारायला कोणी नसतं. म्हणून आमच्या किनाऱ्यावर नट कण्हेपर्यंत आवळतात आणि मग पान्याला पाइप लावून आणखी एक हिसका देतात. होडीला हे बरोबर आहे. गाडीचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं, ते असला हिसका सोसत नाही.

मी नट फिरवला. तो नुसताच गोल फिरत राहिला, मग अलगद माझ्या तळहातावर आला. त्याला चंदेरी कीस चिकटला होता.

"चुडी मर गयी," माझ्या तोंडून गेलं.

मराठीत याला आटे जाणं म्हणतात. फौजेत सगळा देश हिंदीत बोलतो आणि हिंदीत आट्यांना चुडी म्हणतात. बांगडीलाही तोच शब्द. इतकी वर्षं हे वाक्य मी शेकडो गाड्यांखाली बोललोय. चाकाच्या फटीतून वहिनींची पावलं दिसत होती. वर त्या काही पुसत होत्या, त्यांच्या काकणांचा आवाज थांबला. मला जिभेचा राग आला.

आनंद तिरंग्यात घरी आला तेव्हा मी सोबत होतो. वाडीतल्या बायका उठल्या. पुढे काय करतात ते सगळ्यांना माहीत होतं. आये उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "तिच्या हाताक कोणी हात लावूचा नाय. तो चुडो माझ्या झिलान भरल्यान हा. मी फोडूक देवचंय नाय." बायका जागच्या जागी थांबल्या. मी युनिफॉर्ममध्ये सावधान उभा होतो. बाकीचे अधिकारी मी हुकूम म्हणून मानले, आयेंना मनापासून.

"माझी खंय गेली, भावजी?" वहिनी खाली वाकून म्हणाल्या. त्या हसत होत्या. "आयेन राखल्यान ना. आता गाडयेची तुमी राखा."

पास्कूला बोलावलं. तो आला आणि नट बघून त्याचा चेहरा उतरला. "माका वाटला, घट्ट आसलेला बरा."

"होडयेक बरा. गाडी बुडत नाय रे, पास्कू."

तो हसला नाही. पळतच आपल्या वर्कशॉपमध्ये गेला. तो येईपर्यंत मी गाडीखालीच पडून राहिलो. देवबाग म्हणजे रेतीची चिंचोळी पट्टी. एका कानात समुद्र, दुसऱ्यात खाडी. डोळे अर्धे मिटले की पांढरी रेती मला बर्फासारखी दिसते.

आमचं पोस्टिंग तेव्हा बर्फात होतं. कुठे ते सांगत नाही, तशी सवय नाही. सकाळी उठायचं आणि इंजिनाखाली स्टोव्ह पेटवायचा. थंडीने तेलाची काकवी झालेली असायची. ती पातळ झाली की गाडी सुरू व्हायची. मग पाहणी, दुरुस्ती आणि चहा. आनंद आणि मी मालवणीत बोलायचो. सिग्नलचा पंजाबी ऑपरेटर म्हणायचा, तुम्ही बोललात तर कोडची गरज नाही.

एके दिवशी वरच्या चौकीवर एका जवानाच्या छातीत पाणी झालं. ढग खाली होते, हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. वर्कशॉपमध्ये एकच ट्रक होता आणि त्याचं तेल आम्ही नुकतंच काढलं होतं. नट परत लागेना.

रेडिओ बोलला, "गाडी कब मिलेगी? ओव्हर."

"वेट. ओव्हर."

ओसी साहेब, आमच्या वर्कशॉपचे प्रमुख, स्वतः आले. "हवालदार, गाडी चाहिए."

"मिलेगी, सर."

कशी मिळेल ते मला ठाऊक नव्हतं. आटे पाडायचा टॅप स्टोअरमध्ये नव्हता. आनंदने एक लांब बोल्ट शोधला आणि हॅकसॉने त्याच्या अंगावर उभ्या खाचा पाडल्या. झाला टॅप. मग हातमोजे काढून तो ट्रकखाली शिरला.

"उस्ताद, भायली चुडी मेली. भितरली जिती आसा."

"हातमोजे घाल. कातडी जायत."

"आधी बोटां, मगे पानो. बोटांका कळता, पान्याक कळणा नाय."

त्याने त्या खाचांच्या बोल्टने आतले आटे साफ केले. मग तसलाच दुसरा लांब बोल्ट बोटांनी, जपून, आत पोचवला. शेवटी पान्याने जरासं. तेल भरलं. बोल्टवर त्याच्या बोटांची कातडी राहिली होती.

आमच्या वर्कशॉपचा एक रिवाज होता. ज्याने गाडी दुरुस्त केली, त्याने पहिल्या फेरीला त्या गाडीत बसायचं. आनंद ड्रायव्हरशेजारी बसला. काही तासांनी रेडिओवर त्याचाच आवाज आला.

"पेशंट डिलिव्हर्ड. रिटर्निंग. ओव्हर."

"वेल डन. आउट," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर डोंगर खाली आला. ड्रायव्हर आणि आनंद दोघेही गेले.

पुढे ट्रक काढून वर्कशॉपमध्ये आणला. केबिनचा चेंदा झाला होता. मी खाली शिरलो. बोल्ट जागच्या जागी होता, भोवती तेलाचा एक थेंबही नव्हता. मी त्याच्यावर हात ठेवून बराच वेळ तिथे पडून राहिलो. कोणी मला बाहेर ये म्हणालं नाही.

"हवालदारानू, ह्या चलात?" पास्कू परत आला होता. त्याने टॅप आणला होता आणि तारेचं स्प्रिंगसारखं कॉइलही. आम्ही टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे कीस त्याला चिकटतो, आत पडत नाही. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. भोक मोठं झालं, नवे आटे पडले, त्यात आटे धरून ठेवणारं औषध लावून कॉइल बसवलं. आता मेलेल्या आट्यांच्या जागी तारेचे जिवंत आटे होते. औषध सुकेपर्यंत थांबायचं होतं. वहिनींनी सोलकढी आणि भात वाढला. जेवून मी सुरूच्या झाडाखाली आडवा झालो.

वारा सुरूतून घुमत होता. मला खाडीवर बर्फ पडताना दिसलं. हळूहळू, आवाज न करता. होड्या पांढऱ्या झाल्या आणि त्यातून आनंद चालत आला, बिनमोज्यांचा. गाडीपाशी वाकून त्याने खाली बघितलं आणि ओळखीचं हसला. मला उठायचं होतं, पण अंग हलेना, आणि खरं सांगायचं तर मला जागं व्हायचंच नव्हतं. डोळे उघडले तेव्हा गाडीपाशी पास्कू वाकला होता.

नवा नट, नवा तांब्याचा वायसर. पास्कूने पाना पुढे केला.

"थांब. आधी बोटां," मी म्हणालो.

नट बोटांनी शेवटपर्यंत गेला. मग पान्याने जरासं. थोडं तेल ओतून कीस धुऊन काढला, परत बसवलं, पुरं तेल भरलं आणि इंजिन सुरू केलं. पास्कूने खाली कोरा कागद पसरला. तो कोराच राहिला. पास्कूने छातीवर क्रूस काढला.

सकाळी मी प्रेस केलेला शर्ट आणि मेडल घालून वहिनींच्या अंगणात गेलो.

"तुमी खंय?"

"रिवाज आहे, वहिनी. दुरुस्त मी केली, पहिल्या फेरीला मी बसणार."

जामसंड्याला थोरल्याने आणि मी आयेंना खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत आणलं. वजन असं उरलंच नव्हतं. पुढच्या सीटवर बसल्यावर त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. शाळेपाशी वहिनींच्या दंडाला धरून त्या स्तंभासमोर उभ्या राहिल्या. काकणं वाजली. मी सॅल्यूट केला आणि त्या वळायच्या आत पटकन गाडीखाली बघून घेतलं.

"खाली काय शोधतस रे झिला?"

"तेल गळता काय बघी होतंय, आये. सुका आसा."

मग मागच्या सीटवर बसल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. चेंबरचं, कॉइलचं, बर्फातल्या लांब बोल्टचं, आनूच्या 'आधी बोटां, मगे पानो'चं. आनूने लावलेला तो बोल्ट डोंगराखालीही गळला नव्हता, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आणि पहिल्या फेरीचा रिवाज. वहिनींनी चावी लावली होती, पण फिरवली नव्हती. त्या रडत होत्या.

आयेंनी डॅशबोर्डवर पुन्हा हात ठेवला. मग मान वळवून त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं.

"मगे तू एकटोच कित्या बसलस? आधी बोटां लावूक तुका तेनाच शिकयल्यान ना? जरा सरक. तेका जागा दी."

मी खिडकीकडे सरकलो. वहिनींनी गाडी सुरू केली.