आठ दिवसांचा पाहुणा

कोसाडच्या कामगार वसाहतीत आमच्या तीन इमारतींत मिळून पाण्याची टाकी एकच. आमची इमारत खानदेशाची, दुसरी ओडिशाची, तिसरी उत्तर प्रदेशची. भांडणं हिंदीतून करावी लागत, त्यामुळे कुणालाच मनासारखं भांडता येत नसे. एकोपा टिकला तो त्यामुळेच, असं माझं मत आहे.

दिवाळीनंतर तिन्हीकडे गावाकडची माणसं येऊ लागली आणि सकाळी नऊलाच टाकी ठणठणीत. जो तो दुसऱ्याच्या पाहुण्यांकडे बोट दाखवू लागला. एकी मोडायला आली, तेव्हा मी, निवृत्त मास्तर, पुढे सरसावून नियम लिहिला: कुणाकडेही पाहुणा सलग आठ दिवसांहून जास्त राहणार नाही, राहिला तर त्या घराचा नळ बंद. तिन्ही जिन्यांत पाट्या लागल्या. सगळ्यांनी वाहवा केली आणि मीही फुगलो.

चौथ्या दिवशी धुळ्याहून माझी भाची नवऱ्यासह दारात. जावयाला जवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात काम मिळालं होतं, पण खोली एक तारखेला मिळणार होती. म्हणजे चांगले तीन आठवडे. जावयाला बाहेर काढलं तर बहीण जन्मभर माझं तोंड बघणार नाही, आणि नळ बंद झाला तर बायको.

त्यांच्या मुक्कामाच्या सातव्या दिवशी मी दुसऱ्या इमारतीच्या ओडिया सेक्रेटरीकडे गेलो. मन घट्ट करून कबुली देतोय, तोच आतून त्याचा मेहुणा टॉवेल गुंडाळून बाहेर आला. त्याचाही सातवाच दिवस. आम्ही दोघं चहा प्यालो, मग तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी मेहुणा आमच्याकडे मुक्कामाला आला आणि आमचं जोडपं त्यांच्याकडे गेलं. परत आल्यावर दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. उत्तर प्रदेशवाले हे आधीपासूनच करत होते, असं पुढे कळलं. मग दर आठवड्याला आवारात उशा-गोधड्यांची ये-जा सुरू झाली. नियम कुणीच मोडला नाही. टाकी मात्र नऊलाच संपत राहिली.

एक तारखेला भाची निघाली. तिच्यासाठी मोकळा केलेला कपाटाचा कप्पा तसाच मोकळा होता. कपडे कुठे ठेवत होतीस, असं मी विचारलं.

"पहिल्याच दिनले पाटी वाची लिन्ही व्हती, मामा," ती खाली बघत म्हणाली. "म्हनीसन पिशवी सोडीच नही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवी मीच उचलली आणि पाटीकडे न बघता जिना उतरलो.