अजून वळख नाय

नवा देव दिसला की ती आधी त्याच्यासमोर खाली बसायची. नमस्कार नाही, काही नाही. गुडघ्यांना हातांचा विळखा घालून, मान जरा वाकडी करून ती त्याच्याकडे बघत राहायची. मुलगी बघायला पाहुणे आले की घरातली म्हातारी माणसं कोपऱ्यातून नवऱ्यामुलाकडे बघतात ना, तसं. मग उठायची, लुगड्याची माती झटकायची आणि सोबतच्या माणसाला सांगायची, "अजून वळख नाय झाली."

एवढं बोलून ती चालू लागायची. देव तिथेच राहायचा.

किन्हवलीपासून आत असलेल्या एका गावात शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा तिच्या पडवीलगतची खोली मी भाड्याने घेतली. सगळा गाव तिला बाय म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. गावदेवीचं देऊळ झाडायचा मान तिच्या सासरच्या घराकडे होता. मान म्हणजे काम. सकाळी खराटा, हंडाभर पाणी, संध्याकाळी दिवा. देऊळ तरी काय, चार खांबांवर पत्रा आणि आत शेंदराच्या थरांखाली आकार हरवलेली शिळा. नवरा गेल्यावर ते काम तिने आपणहून धरलं. थोडं भाताचं शेत, एक म्हैस, शहापूर रस्त्यावर जीप चालवणारा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात, एवढा तिचा संसार.

मी विज्ञान शिकवणारा माणूस. देवाशी माझं फारसं देणंघेणं नव्हतं आणि भांडणही नव्हतं. त्यामुळे तिचं हे देव पारखणं मी लांबून बघायचो. तुमच्याही ओळखीत अशी एखादी म्हातारी असेल. श्रद्धाळू, पण पटकन हात न जोडणारी. श्रद्धा नसलेल्या माणसाला सगळे देव सारखेच. खरे-खोटे निवडायची पंचाईत श्रद्धा असलेल्यालाच पडते, हे मला तिच्यामुळे कळलं.

एकदा सुनेच्या मोबाइलवर कुठल्याशा देवाचं चित्र आलं. पुढे दहा जणांना पाठवा, नाहीतर घरात वाईट बातमी येईल, असं खाली लिहिलं होतं. सून घाबरली. बायने चित्र हातात घेऊन निरखलं आणि म्हणाली, असा धाक तर आपला तलाठीपण घालत नाय. सुनेने लपून ते पाठवलं असावं. बायनेही पुढे विचारलं नाही.

मुरबाडच्या बाजूला एका बाईच्या अंगात देवी येते, असा बोलबाला झाला, तेव्हा गावातल्या बायका जीप करून गेल्या. बायही गेली. देवी घुमत होती, हिरवी साडी मागत होती, कोणाच्या सासूचं चुकलं ते सांगत होती. बाय तिच्यासमोर नेहमीसारखी बसली. मग रांगेतली एक पोर कडेला कलंडलेली तिला दिसली. कपाळाला हात लावला तर चटका बसला. तिने त्या पोरीला आणि तिच्या आईला जीपमध्ये घातलं, दवाखान्यात नेलं, आणि बाकीच्या बायका उन्हात ताटकळत राहिल्या. जीप परतली तेव्हा त्या चिडल्या होत्या. बाय म्हणाली, "देवीला साडीचा रंग कळतो, पन समोरच्या पोरीला ताप हाय ते कळत नाय. मंग मी कशी वळखू गो?"

पण ती प्रत्येक नव्या देवाला नाकारायची असं नाही. डोंगराच्या अंगाला ठाकरांचा पाडा होता. त्यांचा वाघोबा म्हणजे लाकडी फळीवर कोरलेला वाघ. पाड्यावर लग्नाला गेलो होतो तेव्हा तिने त्याला सरळ वाकून नमस्कार केला. मी विचारलं, याची ओळख कधी झाली? ती म्हणाली, तिची नाही झाली, पण पाड्यावरच्यांची आहे ना. आणि ती माणसं चांगली आहेत. म्हणजे माणसांत चालतं तसंच. ओळखीच्याची ओळख तिला पुरायची.

त्या पाड्यावरच्या एका म्हातारीशी तिची जुनी मैत्री होती. दोघी तरुणपणापासून ओहोळावर एकत्र धुणं धुवायच्या. पाड्यावरून गावात यायची पायवाट बायच्याच शेताच्या कडेने होती. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्या वाटेने शाळेत येत. वाट कागदावर कुठे नव्हती. पण बायच्या सासऱ्याच्या आधीपासून होती.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे जमिनी बघायला माणसं फिरू लागली. चकचकीत गाड्या बांधावर उभ्या राहायच्या. बायच्या मुलाला शहापूरचा एक दलाल भेटला. रस्त्याकडेचा तुकडा घेतो म्हणाला, पण मधून वाट जाते ते नको. मुलगा वाईट नव्हता. जीपच्या धंद्याला कंटाळला होता, मुलीला कल्याणला ठेवून शिकवायचं त्याच्या मनात होतं. पण वाट बंद करायला गेलं तर पाडा बोलणार, गावही बोलणार.

मग एके दिवशी त्या वाटेवर देव निघाला.

मुलाला स्वप्न पडलं, त्याने खणलं, आणि हातभर शिळा वर आली, असं सगळीकडे झालं. दोन दिवसांत तिला शेंदूर लागला, चांदीचे डोळे बसले, भगवा झेंडा आला, स्वयंभू म्हणून पाटी आली. देवाची विटंबना नको म्हणून भोवती तारेचं कुंपण आलं. वाट कुंपणात गेली. दलालाने छप्पर देतो म्हणून सांगितलं. किन्हवलीहून, खर्डीहून माणसं दर्शनाला येऊ लागली. पाड्यावरची पोरं आता ओहोळाच्या खालच्या अंगाने वळसा घालून येत आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली वर्गात बसत. लहान पोरं तर यायचीच बंद झाली. मी सरपंचांकडे गेलो. ते म्हणाले, गुरुजी, रस्त्याचं असतं तर बोललो असतो, हे देवाचं आहे. आणि मग हळूच विचारलं, बाय काय म्हणते?

सगळा गाव हेच विचारत होता. मुलाने शेतातून काढलेला देव, आणि त्याच्या आईने अजून हात जोडले नव्हते.

ती बघायला गेली त्या दिवशी मी बरोबर होतो. ती बसली. बराच वेळ बसली. एकदा पुढे सरकून शिळेच्या डाव्या कडेला बोट लावून आली. उठली, माती झटकली. मी तिच्या वाक्याची वाट बघत होतो. ती सरळ घराकडे चालू लागली. पडवीच्या पायरीवर टेकल्यावर तिने माझ्याकडे न बघता सांगितलं.

"याची वळख हाय मला, गुरुजी. तीच पंचाईत हाय."

तो ओहोळावरचा धुण्याचा दगड होता. वरच्या अंगाचा, अलीकडे कोणी फारसं जात नसे तिथला. तिने आणि पाड्यावरच्या म्हातारीने त्यावर आयुष्यभर कपडे आपटले होते. डाव्या कडेची खपली कधी उडाली तेही तिला आठवत होतं.

त्या संध्याकाळी मायलेकांचं बोलणं झालं. भिंतीपलीकडून मला शब्द कळले नाहीत, पण आवाज चढला नाही, हे कळलं. दुसऱ्या दिवशी म्हशीला वैरण घालता घालता तिने मला सांगितलं, मुलगा काय म्हणाला ते. तो म्हणाला, तुझी गावदेवी तरी कोण गो? तीपण कोणीतरी आणून ठेवलेला दगडच ना?

"खोटं बोलला का तो?" तिने विचारलं.

मी शिक्षक. उत्तर द्यायची सवय. लाव्हारस, काळा पाषाण, असं काहीतरी सांगू लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे खोटं नाय बोलला. आणि खराटा घेऊन देवळाकडे गेली. पुढचे काही दिवस ती झाडून झाल्यावरही तिथे बसून राहायची. आयुष्यभर पुजलेल्या शिळेसमोर, गुडघ्यांना विळखा घालून. एवढी वर्षं जिच्यावर दिवा लावला, तिलाच ती नव्याने बघत होती. मला ते बघवेना. एखाद्याचा देव हलताना बघणं ही चांगली गोष्ट नाही, देव न मानणाऱ्यालाही.

दलालाने भंडारा ठेवला. पहिला नारळ बायच्या हातून, असं मुलाने जाहीर करून टाकलं होतं. तिला अडवायचा तो एक उपाय होता, किंवा त्याला खरंच तसं वाटत असेल. गाव जमला. पाड्यावरची माणसं कुंपणाबाहेर उभी होती. बाय आली. मुलाने नारळ पुढे केला. तिने तो घेतला नाही. बाहेर उभ्या असलेल्या त्या म्हातारीला हाक मारून आत बोलावलं. ती येईना, तेव्हा स्वतः जाऊन मनगटाला धरून घेऊन आली आणि शिळेजवळ बसवलं.

"बघ गो, आपलाच ना?"

म्हातारीने गावाकडे बघितलं, मान खाली घातली. पण तिचा हात शेंदरावरून फिरत फिरत डाव्या कडेच्या खपलीवर गेला आणि तिथे थांबला. आसपासच्या बायकांना तेवढं पुरलं. त्यांच्यातल्या काहींनी त्या दगडावर धुणं धुतलं होतं.

दलाल म्हणाला, आजी, देवाच्या बाबतीत असं करू नये. बाय त्याच्याशी बोललीच नाही. मुलाकडे बघून बोलली, आणि अगदी घरात बोलावं तशी बोलली.

"तू इचारलंस ते खरं हाय. गावदेवीपण कोनीतरी ठेवलेलीच. पन ठेवली त्याचं नाव कोनाला ठावं नाय, आन् तिच्यापायी कोनाची वाट बंद नाय झाली. याला ठेवला त्याचं नाव मला ठावं हाय."

ते नाव तिने घेतलं नाही. नारळ हातात धरून तो तिच्यासमोरच उभा होता.

पुढे मोठं काही झालं नाही. जेवण तयार होतं, ते लोक जेवले. बुंदी चांगली झाली होती. दलाल जेवण व्हायच्या आत गेला आणि पुन्हा आमच्या बांधावर दिसला नाही. आठवडाभरात कुंपणाच्या तारा सुटल्या. एका सकाळी शिळाही जागेवर नव्हती. जीपच्या चाकांच्या खुणा ओहोळाकडे गेल्या होत्या. त्याच महिन्यात मुलगा बायकोमुलीला घेऊन आसनगावला राहायला गेला. जाताना आईच्या पाया पडला नाही. ती दारात उभी राहून जीप वळेपर्यंत बघत होती. नंतर कित्येक दिवस ती स्वयंपाक चौघांचा करायची आणि उरलेलं म्हशीला घालायची.

ओहोळावर त्या दगडाला मात्र कोणी हात लावेना. अर्धा शेंदूर, एक डोळा अजून चिकटलेला. बायका दुसऱ्या दगडांवर गर्दी करायच्या. मी एकटा माणूस, माझे कपडे मीच धुवायचो, म्हणून ते मला दिसलं. बाय आपलं लुगडं घेऊन आली. दगडासमोर उभी राहिली आणि तिने त्याला चक्क वाकून नमस्कार केला. मग लुगडं भिजवून त्यावर आपटायला सुरुवात केली. पाणी लाल होऊन खाली वाहत गेलं.

मी म्हटलं, बाय, तिकडे हात जोडले नाहीत आणि इथे?

"इतकी वरसं आमचा मळ काढतोय," ती म्हणाली. "त्याला नको करू नमस्कार?"

नंतर माझी मुरबाड तालुक्यात बदली झाली. तिची भेट एकदाच झाली, मुरबाडच्या दवाखान्यात. डोळ्याच्या ऑपरेशनला आली होती. मुलगा घेऊन आला होता. तो गाडी लावायला गेला होता, म्हणून जिन्याशी मी तिचा हात धरला. मुलगा येतो का, असं मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, की येतो, आणि नातीचं कॉलेज संपत आलं.

ती गेल्याचं मला फार उशिरा कळलं. गेलो तेव्हा दिवसकार्य आटोपलं होतं. तिचा चेहरा म्हणून जो मला आठवतो, तो त्या जिन्यातला आहे.

त्या जिन्याच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, देवांच्या चित्रांच्या फरश्या बसवलेल्या होत्या. सगळे धर्म होते. तिने डोळा बारीक करून विचारलं, हे इथं कशाला? मी सांगितलं, लोक कोपऱ्यात थुंकतात म्हणून. देव असला की थुंकत नाहीत. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग हसली, आवाज न करता, खांदे हलवत. एका फरशीवर तरीही पानाची पिचकारी होती. तिने पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि चित्रातलं तोंड पुसून काढलं. कोणत्या देवाचं होतं ते मी पाहिलं नाही. तिलाही दिसत नसावं.

वरून नर्सने तिचं नाव पुकारलं. तिने माझा हात सोडला आणि भिंतीला धरून ती एकटीच चढू लागली. कठडा पलीकडच्या बाजूला होता. एकेका देवावर तळहात टेकत, भार देत, ती वर गेली.