फरारी माणूस आणि इसवणीचं कालवण

लग्न होऊन मी शिरोड्याजवळच्या गावात आले. नवरा बोटीवर नोकरीला, घरात सासूबाई आणि मी. वाचनालयातून मी हेरकथा आणायची, त्यातही पळणाऱ्या माणसाच्या. पोलीस मागावर, खिशात दुसऱ्याच नावाचे कागद, दिसेल त्या गाडीत उडी. वाचताना हातपाय गार पडायचे आणि तरी पान उलटल्याशिवाय राहवायचं नाही. पुस्तक मिटलं की भीतीही मिटायची, हीच तर त्यातली मजा. शिवाय त्या माणसाला जेवलास का म्हणून कुणी विचारत नसे. मला ते फार ऐटबाज वाटे.

मग एका सकाळी माझा दादा परसदारी येऊन उभा राहिला. माझं माहेर खाडीपलीकडे, पोर्तुगीजांच्या गोव्यात. दादा तिथल्या चळवळीत होता आणि पोलीस त्याला शोधत होते. काही दिवस खाडीच्या आमच्या बाजूला लपून आता संध्याकाळच्या होडीने तो परत निघाला होता. तो इथे आहे हे आधीच पलीकडे कळलं, तर होडी लागेल तिथेच त्याला धरणार. सासूबाईंना मी हे समजावलं. त्यांनी मागचं दार लावून घेतलं आणि वर मलाच हळू बोलायला सांगितलं.

फरारी माणूस लपवायचा असतो हे त्यांना पटलं होतं. पण सुनेच्या भावाला सुक्या बांगड्यावर जेवू घालणं त्यांना जमणारं नव्हतं. मासेवाली आली तशी त्यांनी महागाची इसवण, म्हणजे सुरमई, घेतली.

"आज इसवण? कोण इलो गे काकी?"

"सुनेचो भाव इलो हा," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

आत मी नारळ खवत होते. हात तिथेच थांबले. मासेवाली वाईट नव्हती, पण तिची निम्मी सोयरीक पलीकडे. उरलेली मासळी घेऊन ती रोज दुपारी तरीच्या होडीने तिकडेच जायची. दादाला मी म्हटलं, तिच्या आधी दुसऱ्या वाटेने नीघ. तो उठलाही, पण बहिणीकडून भाऊ उपाशी कसा जाईल म्हणून सासूबाईंनी पान वाढलं, आणि त्याला नाही म्हणवेना.

कालवण झालं, भात आला, आणखी एक तुकडा आला. दादा निवांत काटे काढत होता. मला दोघांचाही संताप आला. आमच्यात जेवत्या माणसाचं ताट कुणी उचलत नाही. मी उचललं.

"दादा, ऊठ. जा तू."

तो खरकट्या हाताने तसाच गेला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तो सुखरूप पोचल्याचं मला महिन्याने कळलं. त्या महिन्यात मी एकही पुस्तक उघडलं नाही.

गोवा सुटल्यावर तो पुढच्या दाराने, राजरोस जेवायला आला. मी वाढत होते आणि सारखी दाराकडे बघत होते. सावकाश जेव, एवढं म्हणायचं होतं. ते काही माझ्या तोंडून निघेना.