तांते हर्मिनाचे उभे रुमाल

शनिवार, १८ जून २००५, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. हॉलंडमधल्या नायमेखन शहरात आमच्या इमारतीखाली मी सायकलला कुलूप लावत होते. तळमजल्याच्या खिडकीत लाल चौकटींचा एक सुती रुमाल कोणत्याही आधाराशिवाय मोराच्या पिसाऱ्यासारखा उभा होता. संगणकाच्या चिपच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला कापडाचे असे वागणे अस्वस्थ करते. मी काचेला नाक लावले. आतून इस्त्री हातात धरलेली साठीची एक बाई म्हणाली, “बाहेरून बघणं फुकट. आत आलीस तर कॉफी प्यावी लागेल.”

या तांते हर्मिना. तांते म्हणजे मावशी. गल्लीतले सगळेच त्यांना तसे म्हणत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरीनामला, गुलाम म्हणून नेलेले. त्या स्वतः तरुणपणी हॉलंडला आल्या. डोक्याला बांधायच्या रुमालांना खळ घालून, इस्त्री करून त्या अशा घड्या घालत की सपाट कापडाला छाती, खांदे आणि मिजास यावी. प्रत्येक घडीला नाव होते. त्यांच्या पणज्यांनी मालकासमोर तोंड मिटून याच घड्यांतून एकमेकींना निरोप दिले होते. एक घडी होती ‘बोलू दे त्यांना’, दुसरी ‘कोपऱ्यावर थांब’.

“कोणासाठी थांबायचं?” मी विचारले.

“ते रुमालाला विचारू नये, मेइशे. रुमाल चुगलखोर नसतो.” मेइशे म्हणजे पोरी. माझी डॉक्टरेट झाल्याचे त्यांना दोनदा सांगूनही मी मेइशेच राहिले.

संग्रहालयांत मी आजवर हात मागे बांधून, शहाण्यासारखे चेहरे करून फिरले होते. तांतेंच्या स्वयंपाकघरात मात्र रुमालाच्या एका उद्धट टोकाकडे पाहून मी मोठ्याने हसले आणि कलाकृती आवडणे म्हणजे काय, हे माझ्या शरीराला प्रथमच कळले.

जुलैच्या पहिल्या तारखेला, सुरीनाममधली गुलामगिरी संपल्याच्या दिवशी, गावातील एका संग्रहालयात त्यांचे रुमाल मांडले जाणार होते. तिथल्या मारेइका नावाच्या संयोजिकेला ते काचेच्या पेटीत हवे होते. उघड्यावर ते झुकतील, अशी तिची भीती.

“काच लावली की लोक आवाज खाली आणतात,” तांते म्हणाल्या. “माझे रुमाल गप्पांत वाढलेत. पेटीत घातले तर ते मेले असं सगळ्यांना वाटेल.”

अखेर तडजोड झाली: पहिल्या दिवसाच्या शेवटी रुमाल झुकलेले आढळले, तर दुसऱ्या दिवसापासून काच. ‘झुकलेले’ हा शब्द मला फार सैल वाटला. पाच अंशांहून जास्त वाकला तरच झुकलेला, ही मर्यादा मीच सुचवली.

“हिला शब्दांनाही खळ घालायची असते,” तांते मारेइकाला म्हणाल्या.

अडचण खळीचीच होती. सुरीनामच्या राजधानीतून, पारामारिबोहून, तांतेंची बहीण पाठवते ते कसाव्याच्या कंदाचे पीठ आलेच नव्हते. दुकानातल्या खळीच्या फवाऱ्याने चाचणीचा रुमाल एका रात्रीत नऊ अंश वाकला. मी वर जाऊन साबुदाण्याचा डबा आणला. तोही त्याच कंदाचा. मग अत्यंत पद्धतशीरपणे तो धुतला, बेताच्या पाण्यात भिजवला आणि सकाळी टपोऱ्या दाण्यांत ‘कोपऱ्यावर थांब’ घोळवला. रुमालाला देवी आल्यासारखे दिसू लागले. मी पुण्याला फोन केला.

“अगं, ही खिचडीची रीत,” आई म्हणाली. “खळीला भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा आणि गाळायचा. आणि साबुदाणा टोपीला घालतेस, हे तुझ्या आत्याला सांगू नकोस.”

तांतेंनी गाळलेली खळ बोटांत चोळली. “तुझ्या आईला घड्या येतात?”

“नऊवारीच्या.”

“मग ती आमच्यातलीच.”

एक जुलैला पाऊस होता. ओले रेनकोट, ढोल, तळलेल्या केळ्यांचा वास, आणि रुमालांपासून वीतभर अंतरावर श्वास टाकणारी माणसे. दालनातली आर्द्रता पाहून मी हिशेब करणे सोडले. पांढऱ्याशुभ्र घेरदार पोशाखात तांते नाचू लागल्या. जमीन हादरली, टोके थरथरली. एक आजोबा ‘बोलू दे त्यांना’शी तावातावाने भांडत होते. मारेइका भिंतीला टेकून पुटपुटली, “देवा, काचेची ऑर्डर देऊन ठेवायला हवी होती.” आणि तरीही तिचा पाय ठेका धरत होता.

पाच वाजता ढोल थांबले. कोणीही घरी गेले नाही. मी एकेका टोकाला कोनमापक लावत गेले. दोन अंश, तीन, पुन्हा दोन. शेवटी उरला तो मधला मोठा पिसारा, ज्याच्याभोवती दिवसभर सर्वाधिक गर्दी होती. तो डोळ्यांनाही वाकलेला दिसत होता. तांते माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. नाचून त्यांना धाप लागली होती.

“मोठ्यानं वाच, मेइशे. त्यालाही ऐकू दे.”

मी डोळा टोकाच्या रेषेत आणला, पुन्हा एकदा खात्री केली, आणि दालनाला ऐकू जाईल असे वाचले: साडेचार.