खमंग भाजलेले सातू

पांढऱ्या बशीतल्या रसावर आयोडीनचा थेंब पडला आणि रंग काळानिळा झाला. घरी बिअर करण्याचा हा माझा पहिलाच प्रयत्न. मोड आणून वाळवलेले सातू भरडून मी तासभर सदुसष्ट अंशांच्या पाण्यात ठेवले होते. एव्हाना त्यांतल्या स्टार्चची साखर व्हायला हवी होती. निळा रंग म्हणजे स्टार्च जसाच्या तसा. साखर नाही, तर यीस्टला खायला काही नाही आणि आठ दिवसांची मेहनत वाया.

"आई, तू सातूंना काही केलंस का?"

"भाजले की, चांगले खमंग. नाचणीच्या सत्त्वाला भाजते तसे. कच्चे कोण दळतं?"

स्टार्च फोडून साखर करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, कढईतच मेली होती. हे मी सांगताच आई उसळली.

"अगं, मग आधी सांगायचंस! शास्त्र तू शिकलीस की मी?"

तापमानाची नोंद मी दशांशापर्यंत ठेवली होती. शेजारी राबणाऱ्या माणसाला मात्र धान्य जिवंत का हवे, हे सांगितले नव्हते. आपल्याला ठाऊक ते सर्वांना ठाऊक, असे गृहीत धरणे ही बहुधा शिकलेल्यांचीच चूक असावी.

मोड आणलेले, पण न भाजलेले डबाभर सातू उरले होते. ते भरडून पातेल्यात मिसळले, झाकण ठेवले आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहिलो. पाऊण तासानंतरचा थेंब पिवळसरच राहिला.

आईने चमचाभर रस चाखला.

"छान गोड झालाय गं. आता हा कशाला नासवायचा?"