दुसऱ्यांचे उपास

राजाबाई साळवे दर शुक्रवारी न्हाणीघरात जेवत.

जेवत म्हणजे काय, तर नळ मोठा सोडायचा, बादली पालथी घालून तिच्यावर बसायचं आणि दोन केळी नाहीतर चार बिस्किटं घाईघाईनं पोटात ढकलायची. नळ एवढ्यासाठी की बिस्किटाचा कुरकुर आवाज बाहेर जाऊ नये. बाहेर सून शर्मिला, आणि तिच्या पलीकडे चर्चची अख्खी मंडळी. या सगळ्यांचा पक्का समज असा की राजाबाई शुक्रवारी पाण्याच्या घोटालाही शिवत नाहीत.

याला कारण झाला विपुल. शिरवण्यात एका हार्डवेअरच्या दुकानावर भाड्याचा हॉल आहे, तिथं यांची प्रार्थना भरते. त्या मंडळीतल्याच एका घरातला हा पोरगा तापानं हॉस्पिटलात पडला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. राजाबाई तेव्हा जालन्याहून नुकत्याच लेकाकडं नेरूळला राहायला आलेल्या. त्यांनी कोणाला न सांगता उपास धरला. गावाकडं त्यांची आई तसंच करायची. आपल्या वाट्याची भाकर उपाशी घरात नेऊन द्यायची आणि रिकाम्या पोटी देवाजवळ बसायचं, एवढाच तिचा उपास. पोरगा बरा झाला. शर्मिलानं सासूचं कौतुक म्हणून ही गोष्ट हॉलमध्ये उभं राहून सांगितली, आणि तिथंच सगळं बिनसलं.

तेव्हापासून लोक दारात यायला लागले. कोणाचं लग्न जमत नव्हतं, कोणाची नोकरी गेली होती, सीवूड्सच्या एका बाईंचा नवरा घरात बोलत नव्हता. "मावशी, आमच्यासाठी एक शुक्रवार काढा ना." गिरणीत दळण ठेवून जावं तसे लोक आपली अडचण ठेवून जात आणि घरी जाऊन पोटभर जेवत. ज्यांची कामं झाली त्यांनी राजाबाईंचं नाव घेतलं, ज्यांची झाली नाहीत ते गप्प बसले. नाव वाढतच गेलं. माणसाला एकदा देवमाणूस म्हणून पाटावर बसवलं की त्याला उठायची सोय राहत नाही. आणि खोटं कशाला बोला, राजाबाईंनाही तो पाट सुरुवातीला मऊच लागला होता.

मग मधुमेह निघाला. भाजी घेताना चक्कर येऊन पडल्या तेव्हा डॉक्टरांनी साफ सांगितलं, या गोळ्या घेऊन उपाशी राहिलात तर एक दिवस उठणार नाही. राजाबाईंनी ठरवलं की आता सगळ्यांना सांगून मोकळं व्हायचं. घरातही अजून कोणाला बोलल्या नव्हत्या, आणि नेमकी त्याच संध्याकाळी नमिता आली.

नमिता शेजारच्या इमारतीतली, याच मंडळीतली. तिची दोन बाळं पोटातच गेली होती आणि आता पुन्हा दिवस राहिले होते. तिनं राजाबाईंचे दोन्ही हात धरले.

"मावशी, बाळ होईपर्यंत शुक्रवार सोडू नका. माझा दुसऱ्या कोणावर भरवसा नाय."

तिच्या डोळ्यांकडं बघून राजाबाईंची जीभ रेटेना. "बरं," त्या म्हणाल्या. नळ सुरू झाला तो तेव्हापासून.

खाल्लं तर नमिताशी खोटेपणा, नाही खाल्लं तर जिवाला धोका, आणि खरं बोललं तर त्या पोरीचा धीर सुटायचा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, राजाबाईंना तर तिसऱ्या बाजूलाही खड्डाच होता. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना प्रार्थनाच जमेना. डोळे मिटले की न्हाणीघरातली बादली दिसायची. रात्रंदिवस कोंडल्यासारखं व्हायला लागलं.

नमिताला पाचवा महिना लागला तेव्हा त्यांना राहवेना. एका शुक्रवारी हॉलमध्ये त्या उभ्या राहिल्या.

"मी उपास करत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला साखरेचा आजार हाय. मी जेवते."

पाळकांनी डोळे मिटून मान हलवली.

"प्रभूनं काय सांगितलंय? उपास लोकांना दिसू देऊ नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. आपण हे नुसतं वाचतो, आणि मावशी बघा, 'जेवते' म्हणून उपास झाकतात, तसं जगतात."

मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं. दोघी-तिघींनी डोळे पुसले. राजाबाई उभ्याच्या उभ्या. त्यांना रडू कोसळलं, तर लोकांनी तीही नम्रताच मानली. खरं बोलूनही माणूस सुटत नाही, हे त्यांना या वयात कळलं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी त्या नमिताकडं गेल्या. निदान हिला तरी एकटीला गाठून सांगावं, असं मनात होतं. नमिता पलंगावर पडलेली, चेहरा उतरलेला. ओट्यावर चपात्या आणि मेथीची भाजी झाकून ठेवलेली.

"जेवलीस का गं?"

"नाय. तुमी माझ्यासाठी उपाशी राहता आणि मी खाऊ? त्या दिवशी तुमी सगळ्यांसमोर लपवलंत ना, तेव्हाच ठरवलं. आता शुक्रवारी मीपण नाय जेवणार."

"आणि पोटातलं?"

"त्याच्यासाठीच तर."

आपण खरं बोललो त्याचं हे फळ, राजाबाईंच्या मनात आलं. त्या ओट्याशी गेल्या, दोन ताटं वाढली, एक नमितापुढं ठेवलं आणि तिच्यासमोर बसून चपातीचा घास तोंडात घातला.

नमिताचे डोळे भरून आले. "माझ्यापायी उपास मोडलात?"

आता मात्र राजाबाईंना रागच आला.

"धरलाच नव्हता तर मोडीन कसा? तू हात धरलेस त्या दिवसापासून एकही शुक्रवार मी उपाशी न्हाई. न्हाणीत बसून खाते, नळ सोडून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. ह्या बघ गोळ्या." त्यांनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिच्यापुढं टाकली.

नमितानं ती उलटीपालटी करून पाहिली. तिचा चेहरा हळूहळू कठीण झाला.

"म्हणजे तुमी तिकडे खात होता, आणि मी इकडे तुमच्या जिवावर निवांत झोपत होते."

"व्हय."

"मग माझं बाळ कोणाच्या उपासावर इथवर आलं?"

"कोणाच्याच न्हाई," राजाबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचं त्यांनाच ते कळत गेलं. "मी खाल्लं, खोटं वागले, तरी ते वाढलं. देवानं ते माझ्या पोटाकडं बघून दिलेलं न्हाई. माझ्या आईचा उपास म्हंजे तिची भाकर दुसऱ्याच्या ताटात जायची. मी माझी न्हाणीत नेली. ती तुझ्या ताटात यायला पायजे होती, पोरी."

नमितानं ताट पुढं ओढलं आणि रागारागानं जेवायला लागली, एकदाही वर न बघता. राजाबाईंना उठून जावंसं वाटत होतं, पण ती जेवतेय तोवर हलवेना. आता ही कोणाला काय सांगेल, लोक काय म्हणतील, हे त्यांच्या मनात आलं आणि राहिलंही. त्यांच्या हातातला घास तसाच होता.

अर्धं ताट संपल्यावर नमितानं एक चपाती उचलून त्यांच्या ताटात टाकली.

"जेवा," ती म्हणाली. "इथं नळ सोडायची गरज नाय."