खजुराच्या तीन बिया
खजुराचं पाकीट फोडलं की मला ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमधलं, समुद्रकाठच्या त्या खाण्याच्या स्टॉल्समधलं, ते टेबल आठवतं. बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात आले होते. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ऑटोमन साम्राज्यातल्या बसरा प्रांताचा कारभार कसा बदलत गेला, यावर कित्येक वर्षं टिपणं काढत होते. समुद्रावरून वारा येत होता, शेजारच्या स्टॉलवर साते, काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजत होते, आणि बाबांनी खजूर खाऊन बिया टेबलावर मांडल्या. "हे मोसुल, हे बगदाद, हे बसरा. बसरा आधी वेगळा केला, मग बगदादला जोडला, मग पुन्हा वेगळा!" "आजोबा, सो ब्लर लाह हे लोक!" किती गोंधळलेले आहेत, अशा अर्थाने माझी मुलगी इथल्या बोलीत म्हणाली. बाबा खळखळून हसले. "अगं, त्याला कारण होतं. सांगतो, ऐक." माझ्या फोनवर ऑफिसचे मेसेज येत होते. "बाबा, जो प्रांतच उरला नाही, त्याचं एवढं काय?" म्हणत मी बिया उष्ट्या ट्रेमध्ये लोटल्या आणि ट्रे परत ठेवायला गेलो. आलो तेव्हा ते रुमालाने बोटं पुसत होते, खूप सावकाश. तो विषय त्यांनी माझ्यासमोर पुन्हा काढला नाही, आणि पुढच्या वर्षी ते गेले. आज मी तीन बिया ओट्यावर मांडून उभा आहे. बसरा दुसऱ्यांदा वेगळा का केला, हे फोनवर क्षणात सापडेल. मी शोधत नाही. मला ते बाबांकडून ऐकायचंय.